येते हं, बाळा

ज्योत्स्नाचं घर वाटूर फाट्यापासून जरा आत. काम म्हणाल तर घरबसल्या सिनेमांना सबटायटल लिहायचं. शेजारच्या कांताबाईला ते काही केल्या पटायचं न्हाई. "सिनेमा बघणं हे काम असतंय व्हय गं?" असं ती रोज विचारायची, अन् ज्योत्स्ना रोज हसायची.

त्या रविवारी दुपारी ऊन असं तापलं होतं की तिनं खिडक्या लावून घेतल्या होत्या. आतल्या खोलीत तिची सहा वर्षांची साक्षी तापानं पडून होती. दोन दिवस ताप हटत नव्हता, म्हणून अंगद, तिचा नवरा, औषध आणायला परतूरला निघाला.

"येतो गं, जल्दी येतो."

"या पप्पा!" आतून साक्षी ओरडली.

ही शिस्त ज्योत्स्नाच्या आईची, चांगुणाबाईची. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं न्हाई, 'येते' म्हणायचं. अन् जो 'येतो' म्हणेल त्याला 'ये' म्हटल्याबिगर उंबरा ओलांडू द्यायचा न्हाई. 'ये' म्हटलं की माणूस बराबर परत येतं, असं ती सांगायची. ज्योत्स्नानं लेकीला हे बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं.

अंगद गेला आणि ती लॅपटॉपसमोर बसली. काळा-पांढरा जुना सिनेमा होता. पुण्याच्या कंपनीनं त्याच्या तीन प्रती पाठवल्या होत्या: एक जुनाट व्हीसीडी, एक नंतरची डीव्हीडी, आणि एक आता नव्यानं साफसूफ केलेली. पहिल्या दोन्हींतली इंग्रजी सबटायटलं ताडून बघायची आणि नवीसाठी चांगली मराठी अन् इंग्रजी लिहायची, एवढंच काम.

एका जागी येऊन ती थांबली. सिनेमातली बाई आपल्या मुक्या पोरीची वेणी घालते, उंबऱ्यापाशी जाते आणि म्हणते, "येते हं, बाळा." तिथून ती विहिरीवर जाते ती परत येतच न्हाई. पोर मुकी, ती बिचारी काय 'ये' म्हणणार!

व्हीसीडीत त्या ओळीचं इंग्रजी 'आय अ‍ॅम गोइंग', म्हणजे 'जाते', असं केलं होतं. ते ठीकच होतं. डीव्हीडीवाल्यानं मात्र सरळ 'आय अ‍ॅम कमिंग', म्हणजे 'येतेय', करून टाकलं होतं. ज्योत्स्नाला हसू फुटलं. "अरे मुडद्या! ती विहिरीवर निघाली अन् तू तिला घरात आणून राह्यला!"

मग तिनं नवी प्रत लावली. बाई उंबऱ्यापाशी आली, अन् खाली मराठीत अक्षरं उमटली: 'आले.'

हे कोणी लिहिलं? तिनं कंपनीतल्या मोनालीला फोन लावला.

"ताई, नव्या प्रतीत एक अक्षर नाही. तेच तर तुम्हाला लिहायचंय."

"अगं, मी बघून राह्यले ना! 'आले' लिहिलंय इथं."

"माझ्यासमोर तीच प्रत आहे ताई... काहीच नाही."

ज्योत्स्नानं फोन ठेवला. तिनं तो तुकडा पुन्हा लावला. जुन्या दोन्ही प्रतींत बाई पाठमोरी होती, दाराबाहेर बघत. या प्रतीत ती वळून उभी होती. घराकडं तोंड करून... थेट ज्योत्स्नाकडं बघत.

"येते हं, बाळा."

अन् आतल्या खोलीतून साक्षीचा आवाज आला, "या!"

पडद्यावर नुसता उंबरा होता, बाई नव्हती. बंद घरात शेवाळलेल्या पाण्याचा वास पसरला. आत बांगड्या वाजल्या, हळू, कोणी निवांत काहीतरी करत बसावं तशा. लेकीच्या मायेनंच ज्योत्स्नाला उठवून आत ढकललं.

साक्षी एकटीच बसली होती. कपाळ गारेगार.

"कोणाला 'या' म्हणलीस गं?"

"त्या बाई येते म्हणल्या ना... तूच तर शिकवलंस."

दोन दिवस पोरीनं डोक्याला हात लावू दिला नव्हता. आता तिची वेणी घट्ट घातलेली होती, अन् टोकाला ओली होती.

अंगद आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तिलाच समजावलं. "ताप उतरला की! मंग रडून काय राह्यलीस? जागरणानं भास झाला असंल तुला." तिनंही मनाला तेच बजावलं. दुसऱ्या दिवशी साक्षी पोटभर जेवली, खेळली. ज्योत्स्नाच्या जिवात जीव आला.

मंगळवारी शाळेची रिक्षा दारात आली. साक्षी रोज "येते गं आई!" असं ओरडत धूम ठोकायची. त्या दिवशी ती सावकाश उंबऱ्यापाशी गेली, वळली, आणि मोठ्या बाईसारख्या जड आवाजात म्हणाली, "येते हं, बाळा."

ज्योत्स्नाच्या ओठावर आलेलं 'ये' तिथंच अडकलं. म्हणावं, तर कोण परत येईल? न म्हणावं, तर लेक...

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. साक्षी उंबऱ्यावरून हलली न्हाई. आईकडं बघून ती गोड हसली.

"म्हण ना," ती हळूच म्हणाली. "मागच्या वेळी कोणी म्हटलंच नव्हतं."