टायरवरचे चार आकडे

काय म्हणालास, ऑस्कर? नक्षी खोल आहे, म्हणजे टायर चांगला? शहाणाच आहेस! खाचेत नाणं घालून बघितलं की झाला मिस्त्री? शेगडीत लाकूड सार, आणि ऐक. माझ्या मालकाची, रेनोची गोष्ट आहे. थंडर बे शहराच्या वरच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. मी तिथं कामाला.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर जुना झाला की रबर कडक होतं. मग नक्षी कितीही खोल असू दे, बर्फावर पकड शून्य.

दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात हेल्मी आली. रात्रपाळीची नर्स, तोंडानं फटकळ. "रेनो, चार चांगले बघून दे. नाहीतर तुलाच ढकलायला बोलवीन!" रेनोनं अकरा वर्षं मागं पडलेले काढले. आकडा ४१०८, म्हणजे दोन हजार आठचा एकेचाळिसावा आठवडा. तो दिसू नये म्हणून ती बाजू आत करून बसवले.

नऊ जानेवारीला टेकडीच्या वळणावर तिची पिकअप घसरली. हेल्मी गेली. दुकानात लोक हळहळत होते, तर रेनो म्हणतो, "पोरगी गाडी पळवायचीच फार." शी! अजून आठवलं की मान वर होत नाही.

चौथ्या रात्री, तेरा तारखेला, अकरा वाजून दहा मिनिटं. उणे तीस. रेनो दुकानात एकटा. बाहेर पिकअप थांबली. इंजिनाचा आवाज नाही... नुसता बर्फ करकरला.

"रेनो..."

हेल्मीचाच आवाज.

"उलटे कर ना रे... आकडा वाचता येत नाही मला."

मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं. बर्फ कोरा. चाकाची एक रेघ नाही.

सकाळी माझ्यासमोर ढसाढसा रडला. "रविवारी चर्चमध्ये तिच्या आईला सगळं सांगतो." आणि मी... मी म्हटलं, "गप्प बसा, मालक. दोघंही तुरुंगात जाऊ."

दोघं, हो. टायर उलटे बसवले ते या हातांनी.

रेनो मरेपर्यंत बोलला नाही. मीही नाही. तिची आई अजून दर रविवारी माझ्या हातात कॉफीचा कप देते, "थंडीचा जपून चालव हो" म्हणते. लाज वाटते रे. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझे टायर? याच ऑक्टोबरात घेतले, कोरे करकरीत. स्वतः बसवले, आकडा बाहेर ठेवून. जा, टॉर्च घे. पुढच्या डाव्या चाकावरचा आकडा बघून ये. मी नाही येत.

...काय रे? दारात का उभा राहिलास? काय आकडा वाचलास, सांग की मोठ्यानं.

"मामा... एकेचाळीस... शून्य आठ."