उतरलेला नादकाटा

तालीम संपली आणि मुलांना न्यायला येणारी गाडी वाटेत बंद पडल्याचा फोन आला. मेकॅनिक मिळेपर्यंत थांबण्याला इलाज नव्हता. डिसेंबरची नऊ तारीख, गुरुवार, रात्रीचे पावणेदहा. दिवेकाकांनी स्टेजवरचे दिवे एकेक करून मालवले, रंगपटातला एक तेवढा ठेवला आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली.

दिवेकाका म्हणजे त्या हॉलचे जुने लाइटवाले. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण मागच्या दाराची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असायची. नव्या मॅनेजरने ती मागितली, तेव्हा ते म्हणाले होते, "मी गेल्यावर घ्या. तोवर घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी तिथे एका गीतमालेची पन्नाशी साजरी व्हायची होती. एका संगीतकाराने एक बाईचा आवाज आणि एक पियानो एवढ्यासाठीच रचलेली ती गाणी पन्नास वर्षांपूर्वी याच स्टेजवर पहिल्यांदा गायली गेली होती. उद्यासाठी ती मुलांनी वाटून घेतली होती, आणि शेवटचं म्हणणारी मुलगी गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. तिनेच विषय काढला. पहिल्या प्रयोगाला शेवटचा सूर लागलाच नव्हता म्हणतात, ते खरं का?

"खरं," काका म्हणाले. "मी वर दिव्यापाशी होतो."

कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक कापडी पिशवी काढली आणि न उघडता टेबलावर ठेवली.

"पण गोष्ट त्या रात्रीची नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, आजच्याच तारखेची. आणि माझी नाही. कानसेनची."

कानसेन हा हॉलचा पियानो लावणारा. आवाज फाटक्या भोंग्यासारखा, पण कान असा, की गल्लीतून सायकलची घंटा गेली तरी हा मान हलवून म्हणायचा, उतरलीये. सगळे त्याची थट्टा करायचे. लग्नाला मुलगी बघायला गेला आणि तिचा आवाज अर्धा सूर चढा वाटला म्हणून परत आला, असंही सांगायचे. तो नुसता हसायचा. लग्न त्याने केलं नाही एवढं मात्र खरं.

पहिल्या प्रयोगाला गाणारी बाई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. संगीतकार स्वतः पियानोवर. त्याला सगळं चढं लागे. तारा जरा चढवल्या की पियानो झळकतो, हे त्याचं वेड. त्यासाठी त्याने मुद्दाम एक नादकाटा घडवून घेतला होता. शाळेत पाहिला असेल तुम्ही, दोन पात्यांचा पोलादी काटा. गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो. पियानोची पहिली तार त्याच्याशी जुळवायची, बाकीच्या तिच्यावरून. संगीतकाराचा काटा नेहमीच्यापेक्षा जरासा वर बोलायचा. तो त्याने हॉलला देऊन टाकला आणि बजावलं, माझ्या कार्यक्रमाला पियानो लावायचा तो याच्यावरच.

ताईची एक सवय होती. गायच्या आधी ती काटा वाजवायची आणि त्याचा देठ दातांत धरायची. तसं केलं की सूर बाहेर कुणाला ऐकू येत नाही. फक्त आपल्या कवटीत वाजतो. त्या रात्री विंगेत तिने काटा दातांत धरला, डोळे मिटले, मग भावाला म्हणाली, "हा फार वर आहे रे. केसभर खाली घे ना."

तो नोकरीत नवा होता. म्हणाला, "सांगितलंय तसं लावलंय, ताई."

तिने देठ बाहीला पुसला, काटा त्याच्या हातात दिला आणि स्टेजवर गेली.

सगळी गाणी झाली. शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर उरला. तिने तोंड उघडलं... आणि आवाज आला नाही. पियानो तिच्यासाठी थांबून राहिला. लोक खोकायचे थांबले. ती तशीच उभी. मग तोंड मिटून, मान लववून ती आत निघून गेली. त्यानंतर ती कधी गायली नाही. भांडी घासतानासुद्धा नाही. तीन वर्षांनी वारली, तिची सात वर्षांची पोर मामाकडे आली, आणि मामाने तिला वाढवली.

"आणि भाची गायला लागली?" एकाने विचारलं.

"दुसरं काय करणार? घरात मामाचा पियानो, आणि रक्तात आई."

पंचवीस वर्षं झाली तसा संगीतकाराला आपला तो अर्धवट राहिलेला कार्यक्रम पुन्हा करावासा वाटला. म्हातारा झाला होता, पण बोटं शाबूत होती. गायला त्याने हिलाच बोलावलं. तिने लगेच हो म्हटलं. नेमकं त्याच महिन्यात तिच्या घशातल्या पडद्यावर लहानशी गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ताण देऊ नका. एखादा सूर ओढायला जाल आणि आवाज कायमचा बसेल. हे मामाखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

रात्री जेवताना मामाने हळूच विषय काढला. म्हणाला, मी तारा जराशा उतरवतो. म्हाताऱ्याला आता काय कळतंय?

तिने चमचा खाली ठेवला.

"मामा, आईसाठी खाली घेतला नाहीस. माझ्यासाठी घेऊ नकोस."

हे तिला कुणी सांगितलं होतं, त्याने कधी विचारलं नाही. ती रागाने बोलली नव्हती. तेच त्याला जास्त लागलं. आईचा राहिलेला सूर तिला आईच्याच उंचीवर लावायचा होता, उगाच सोपा करून नको होता. तिने त्याच्याकडून शब्द घेतला. पियानो काट्यावर लावायचा. काटा सांगेल तिथेच. त्याने शब्द दिला आणि ताटावरून उठला.

तर ती रात्र. संध्याकाळची तालीम उरकून सगळे गेले. कानसेन हत्यारांची पेटी घेऊन आला. काका मागच्या दाराशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्याने जाता जाता विचारलं, चहा उरलाय का? काका म्हणाले, उरलाय, पण कालचा आहे. तो तसाच प्याला आणि आत गेला.

स्टेजवर एकच दिवा होता, पियानोच्या वर. समोर सगळ्या खुर्च्या अंधारात. त्याने झाकण उचललं, शेजारच्या तारा गप्प राहाव्यात म्हणून मध्ये फेल्टची पट्टी सरकवली, काटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेला. पहिली तार बघितली. किंचित हलली होती. तारा पिळायच्या चावीने ओढून काट्याशी मिळवली. एकसंध सूर. काटा त्याने पियानोच्या कडेवर ठेवला आणि पुढच्या तारांकडे वळला.

थोड्या वेळाने त्याला बारीक गुणगुण ऐकू आली.

आधी वाटलं दिवा. दिवे गुणगुणतात. पण दिवा या सुरात गुणगुणत नाही. त्याने मान वळवली. काटा कडेवर पडल्या पडल्या वाजत होता. कुणी आत्ताच आपटून ठेवावा तसा.

त्याने झटकन मुठीत धरला. सूर थांबला.

देठ ओला होता.

ओला... आणि कोमट.

कानसेन भित्रा नव्हता. एकट्याने अशा कितीतरी रात्री त्याने त्या हॉलमध्ये काढल्या होत्या. त्याने देठ पुसला. छताकडे पाहिलं. गळत असेल. छत कोरडं होतं. मग काहीतरी करायचं म्हणून त्याने पट्टी काढली आणि पायाखालचं पेडल दाबलं. पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात. अशा वेळी शेजारी उभं राहून कुणी गायलं, तर पियानो आतून उत्तर देतो. ज्या सुरात गायलं तीच तार बोलते. करून बघा उद्या.

त्याने पेडल दाबलं. तोंडातून आवाज काढला नाही. हात मांडीवर होते.

आणि पियानो बोलला.

एकच सूर. वरचा. त्या गाण्यातला शेवटचा. बारीक, पण स्पष्ट. हॉलमध्ये गाणारं कुणी नव्हतं. गाणं ऐकू येत नव्हतं. फक्त उत्तर येत होतं.

त्याने पाय उचलला. शांत.

पुन्हा दाबला...

पुन्हा तोच. आता जवळून. उजव्या बाजूने. पियानोच्या बाकाशेजारी जिथे गाणारी उभी राहते, तिथून.

त्याने तिकडे पाहिलं नाही. मान वळवायला गेला, पण वळेना. दिव्याच्या उजेडात त्याचे स्वतःचे हात त्याला दुसऱ्या कुणाचे वाटले.

"ताई..." तो म्हणाला.

काही नाही.

"मी तिला शब्द दिलाय. खाली नाही घेता येत मला."

काही नाही...

मग श्वास. गायच्या आधी आत ओढतात तो. लांब, भरून. त्याच्या कानाशी. तो वाट बघत राहिला. सूर आला नाही. श्वास बाहेर पडल्याचंही ऐकू आलं नाही.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. हातातला काटा पुन्हा ओला झाला होता. त्याने तो गुडघ्यावर आपटला. दुसरं काही सुचेना म्हणून. आणि मघाशी लावलेली ती पहिली तार छेडली.

आवाज डुलायला लागला. दोन सूर जवळ असले पण एक नसले की असे डुलतात. तार वर होती. काटा खाली.

केसभर.

त्याने पुन्हा आपटला. पुन्हा. कान सांगत होता, काटा उतरलाय. पण काटा उतरत नाही, पोरांनो. तार उतरते, कातडं उतरतं, माणूस उतरतो. पोलाद उतरत नाही. घासावं लागतं त्याला, कानस लावावी लागते. काटा जसाच्या तसा चकचकीत होता.

शब्द काट्याचा होता. काटा सांगेल तिथेच.

त्याने चावी उचलली आणि पहिली तार खाली घेतली. मग दुसरी. मग सगळ्या. एकही तार चुकली नाही. बाहेर आला तेव्हा काका झोपेला आले होते. त्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "झालं." काटा त्याने रुमालात गुंडाळला होता, जखमेवर पट्टी बांधावी तसा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. संगीतकाराने पहिला आघात केला आणि त्याच क्षणी विंगेकडे मान वळवून कानसेनकडे रोखून पाहिलं. पण लोकांसमोर थांबणार कसा? वाजवत राहिला. गाणी संपत आली तसे वर दिव्यापाशी काका पुढे वाकले. तीच जागा, तीच ओळ. तिने तोंड उघडलं.

सूर लागला. कुठे ओढाताण नाही, ताण नाही. दमून आलेलं माणूस खुर्चीत टेकावं, तसा जाऊन बसला. बराच वेळ टिकला. लोक उठून उभे राहिले. कानसेन विंगेत खाली बसला.

टाळ्या संपायच्या आत संगीतकार आत आला. चेहरा पांढराफटक. "कुणाला विचारून उतरवलास?"

मागून भाची आली. तिनेही ओळखलं होतं. "मामा, तू शब्द मोडलास."

कानसेनने रुमाल उघडला आणि काटा म्हाताऱ्यापुढे धरला. म्हणाला, "तुमच्याच काट्यावर लावलाय."

संगीतकाराने तो गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला. पुन्हा आपटला. पात्यांवरून अंगठा फिरवला, घासल्याची खूण सापडते का बघत. मग काटा टेबलावर ठेवला, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा. कोट घेतला आणि कुणाला न सांगता निघून गेला. पुन्हा त्या हॉलमध्ये आला नाही. भाचीने काटा उचलून नुसता हातात धरला. देठावरून बोट फिरवलं. मामा-भाचीने त्याबद्दल पुढे कधी बोलणं काढलं नाही.

"तिचा आवाज?" मफलरवाल्या मुलीने विचारलं.

"गाठ विश्रांतीने बसली. अजून गाते की. काल तुम्हाला ताल चुकलात म्हणून झापलं, ती कोण मग?"

कुणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. गाण्याच्या बाईंनीच त्यांना ही गाणी शिकवली होती, पण आई हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नव्हता.

कानसेनने तो काटा पुन्हा कामाला वापरला नाही. शेवटच्या दुखण्यात त्याने काकांना बोलावून ही सगळी हकिगत सांगितली, एकदाच, आणि काटा त्यांच्या हवाली केला. वर्षातून या रात्री वाजवून बघ म्हणाला. परत वर जातो का ते बघ.

काकांनी पिशवीची गाठ सोडली. काटा टेबलावर दिव्याखाली चमकला. मुलीच्या फोनवर सूर मोजायचं अॅप होतं. काकांनी तिला म्हटलं, तूच वाजव. तिने काटा गुडघ्यावर आपटला आणि फोनजवळ धरला. देठ तिने दोन बोटांत, अगदी टोकाशी धरला होता. पात्याच्या मागच्या बाजूला काट्याचा मूळ सूर आकड्यात कोरलेला होता. फोनवरची सुई त्या आकड्यापाशी गेली, थरथरली, आणि केसभर अलीकडेच थांबली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलं उठली, दप्तरं शोधू लागली. मुलीने काटा काकांना परत दिला आणि मफलर घट्ट केला.

"काका, उद्या आमचा पियानो कशावर लावणार?"

काका खिशात रुमाल शोधत होते. सापडला. त्यांनी काट्याचा देठ नीट, दोनदा पुसला आणि मगच काटा पिशवीत ठेवला.

"दर वर्षी पुसावा लागतो," ते म्हणाले.