नजर स्थिर

इअरफोनची पिन सुटली, आणि उंब्रजच्या त्या गपगार अभ्यासिकेत एआय सर मोठ्यानं बोलले, "सृष्टी, तुमचं उत्तर पुन्हा चुकलं आहे. काही हरकत नाही. आपण परत प्रयत्न करू."

सगळी पोरं हसली. सृष्टीला वाटलं, टेबलाखाली जाऊन बसावं…

डावीकडच्या टेबलावरनं एक पोरगा म्हणाला, "लाजू नगंस. मला सकाळधरनं कितींदा म्हणलेत, काही हरकत नाही. आमच्या तात्यांनी उभ्या जन्मात एकदा म्हणलं न्हाई."

तो कृष्णात. उंब्रजचाच, बागायती ऊसवाल्याच्या घरातला. ती आटपाडीकडची, मेंढपाळाची पोरगी, मावशीकडं राहून शिकणारी. दोघंही एकाच विद्यापीठाच्या ऑनलाइन बीएस्सीला, शेवटच्या वर्षाला. वर्ग नाही, फळा नाही. शिकवायला मोबाईलमधले सर, कधी न चिडणारे, कधी न दमणारे.

ती अडली की तो चिडवायचा, "सरांना विचार की."

"विचारलं. त्यांना येतंय."

"मग मला का विचारतीस?"

"तुला येत न्हाई म्हणून. चुकायला जोडीला कोण नको व्हय?"

तो हसायचा. हसताना मान खाली घालायचा… आणि सृष्टीचं पुढचं गणित हमखास चुकायचं.

परीक्षा नोव्हेंबरात आली. आभाळ नुसतं भरून राहिलेलं. पडतही नव्हतं, उघडतही नव्हतं. पेपर लॅपटॉपवर, आणि राखण करायला माणूस नाही, कॅमेरा. डोळे कुठं जातात ते कॉम्प्युटरच बघणार. नियम होता, खोलीत एकट्यानं बसायचं. पण मावशीच्या घरात रेंज कुठली? अख्ख्या गावात रेंज धरायची ती अभ्यासिकेची माडी. तिथं सगळेच जोडीजोडीनं बसायचे, फक्त दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात यायचं नाही, एवढं सांभाळून. ही दोघंही बसली. ती खिडकीकडं तोंड करून, तो तिच्या डाव्या अंगाला, आडव्या टेबलावर, लॅपटॉपच्या आड.

तिच्या आबांनी सांगून ठेवलेलं, "पास झालीस तर पुढं शीक. न्हाई झालीस तर पाव्हण्यांना हो म्हणतो." तिला हे माहीत होतं. तरी पेपर लिहिता लिहिता नजर डावीकडं जायची. एकदा जायची, आवरायची… परत जायची.

निकाल आला तेव्हा दोघं माडीवरच होती.

तिच्या पडद्यावर लाल अक्षरं होती. परीक्षार्थीची नजर वारंवार डावीकडे. गैरप्रकाराचा संशय. सुनावणीस हजर राहावे.

तरी तिनं विचारलं, "तुझं?"

त्यानं लॅपटॉप फिरवला. नजर स्थिर. कोणतीही शंका नाही. उत्तीर्ण.

लाल अक्षरांपेक्षा तेच तिला जास्त लागलं. नजर स्थिर. म्हणजे एवढ्या वेळात… एकदाही नाही?

"सृष्टी, आगं ऐक…"

तिनं लॅपटॉप मिटला आणि जिना उतरली. नंतर त्याचा फोन तिनं घेतला नाही.

सुनावणीही पडद्यावरच झाली. मॅडम तशा मायाळू होत्या. "बाळा, डावीकडे काय होतं? कोणी होतं का खोलीत?"

पोराकडं बघत होते, हे खरं सांगितलं असतं तर कॉपीचा डाग तरी गेला असता. पण एका खोलीत दोघं, म्हणजे त्याचाही पेपर गेला असता. त्याला सैन्यात ऑफिसरच्या परीक्षेला बसायचं होतं. पदवी लागत होती, आणि वय ह्याच वर्षी संपत होतं.

"भिंत होती, मॅडम."

"भिंतीकडे इतक्या वेळा?"

"भिंतच होती," सृष्टी म्हणाली. "तिकडनं कोण बघत न्हवतं."

पेपर रद्द झाला. बसायचं तर पुढच्या सत्रात परत. आबा फोनवर एवढंच म्हणाले, "बास झालं. ये घरी."

कराडच्या स्टँडवर ती आटपाडीच्या गाडीत बसली, आणि खिडकीखाली कृष्णात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, धापा टाकत.

"मावशीनं सांगितलं. सुनावणीत काय म्हणलीस?"

"भिंत व्हती म्हणलं. खोटं हाय का?"

"लय खोटं हाय." त्यानं खिडकीचा गज धरला. "लॅपटॉप विटांवर चढवलेला माझा. बघितलं न्हाईस? कॅमेऱ्याच्या बरोबर वर तुझं तोंड येईल असा. वर बघितलं की त्याला वाटायचं, पडद्याकडंच बघतोय. आख्खा पेपर तुलाच बघत व्हतो, येडे…"

सृष्टीला रडू आलं आणि रागही आला. "मला का न्हाई सांगितलंस मग? मीबी विटा लावल्या असत्या की!"

"तू मान वळवलीस की मी पडद्यात बघायचो, तू मलाच बघतीस हे कुठं म्हाईत व्हतं? निकालातच कळलं."

गाडीत कंडक्टर चढला.

"मी येतो आटपाडीला. आबांशी बोलतो."

"काय बोलशील?" तिचा आवाज उतरला. "आमची मेंढरं खतासाठी बसवून घेता रानात. पोरगी घरात बसवून घ्याल? तात्यांना विचारलंस?"

त्याचा हात गजावरनं सुटला.

"आदी घरात विचार, कृष्णात. मग ये."

घंटी वाजली. त्यानं तिथंच फोन काढला. तिच्याकडं बघत कानाला लावला. "तात्या, एक विचारायचंय…"

गाडी हलली. पलीकडनं काय आलं ते तिला कळलं नाही. एवढं दिसलं, की तो बोलता बोलता थांबला. खाली मातीकडं बघत, नुसता ऐकत उभा राहिला, लय वेळ. माणसं त्याला धक्के देत गाड्या धरायला पळत होती.

फोन मात्र त्यानं कानापासनं काढला नव्हता.