आळशी डोळा, हट्टी धुरपता

एक्क्याऐंशी साली केळझरच्या शाळेत डोळ्याचं शिबिर होतं. मावशीले घेऊन गेलती मी. तिथं मले चहा वाटायले लावलं, अन् मी तो कपाच्या बाजूलेच ओतला — थेट डॉक्टरच्या हाताखाली डोळे तपासणाऱ्या चिंधूच्या पायावर!

"भाजला ना पाय!" तो ओरडला. मंग माह्याकडं टक लावून पाह्यलं त्यानं... "नेम काऊन चुकते तुमचा? बसा. डावा डोळा झाका."

झाकला. समोरची अक्षरं पार धुरात गेली.

बॅटरी मारून तो म्हणाला, "उजवा डोळा ठणठणीत हाये. रोज मेंदूले तार पाठवते. पण मेंदूनं लहानपणापासून डाव्याचीच तार वाचली, उजव्याची तशीच ठेवली. दोन्ही जुळल्याबिगर जवळ-दूरचा नीट अंदाज येत नाई."

"म्हणून सुई ओवता येत नाई मले?" रडूच आलं. पाहायले आलेल्या बाया पोरीच्या हाती सुई-दोरा देतातच. त्याच पायी दोन पाहुणे परत गेलते.

"डॉक्टर म्हणतात, विसाव्या वर्षी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याले कामाले लावाचा फारसा उपयोग नाई."

"डॉक्टरले सांगा, धुरपताले ओळखत नाई तुमी!"

रोज दोन तास डावा डोळा बांधून मी तुरीची डाळ निवडली. जेवताना खडे लागले, बाबा चिडले, मी सोडलं नाई. शिबिर संपलं, तरी दर बुधवारी चिंधू तपासणीच्या नावानं सायकलवर येई. बोट पुढं करून म्हणे, "लावा बोटाले बोट." माहं बोट हुकून त्याच्या नाकावर जाई.

"मुद्दाम हुकता तुमी!"

"मुद्दाम असतं, तर नाकावरच काऊन गेलं असतं?"

तो कानापर्यंत लाजला. मलेही लय आवडलं ते.

सहा महिन्यांनी म्हणाला, "आईले घेऊन येतो... सुई देऊ नको, असं सांगू का तिले?"

"खबरदार! देऊ द्या."

त्याची आई देवकाबाई. तिनं सुई दिलीच. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदाही. चिंधू खुर्चीतून अर्धा उठला, मी नुसतं पाहूनच त्याले बसवलं. तिसऱ्यांदा... दोरा पल्याड निघाला!

मंग दुसरी सुई मी चिंधूपुढं धरली. "आता तुमी."

"मी काऊन?"

"मलेही नवरा पाहाचा हाये."

त्याचे हात असे थरथरले, का दोरा सुईजवळही जाईना. देवकाबाई पदर तोंडाले लावून हसल्या. मी सगळ्यांसमोर त्याचा हात घट्ट धरला अन् म्हणलं, "हलू नका. आता मले दिसते."