राजाबाईची ओली गाठ

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या मावशीच्या यजमानांच्या, कृष्णातकाकांच्या बाबतीत घडलंय, आणि थापा मारणारा तो माणूस नव्हे.

नोव्हेंबर १९९६. नावड्यातली रेशीम धाग्याला पीळ घालायची शेड. भर दुपारचे दोन.

ही शेड काकांच्या आईने, राजाबाईने, साताऱ्याहून येऊन दोन मशीनवर उभी केलेली. धागा तुटला की ती टोकं जिभेवर ओली करून गाठ मारायची आणि उरलेलं शेपूट दाताने तोडायची. तिच्या गाठीला कायम मशेरीचा वास यायचा.

राजाबाई जाऊन पाच दिवस झाले होते.

घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस मशीन बंद ठेवायचं, हा घरचा नेम. नाहीतर मेलेल्याचा हात धाग्यात अडकतो, असं राजाबाईच सांगायची.

पण येवल्याच्या विणकराचा माल शनिवारी जायचा होता. नाही गेला तर तो बंगलोरचा धागा धरणार. शेडला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

"मामंजी गेले तवा आत्याबाईंनी नेम पाळला होता," मावशी म्हणाली. "आठच दिवस राहिलेत. थांबा की."

"शेड बुडाली तर आईलाच वाईट वाटंल," म्हणत काकांनी बटण दाबलं.

बॉबिनं बसवलेल्या चात्या फिरू लागल्या.

तासाभराने... कोपऱ्यातल्या चातीचा आवाज पोकळ झाला. धागा तुटला की असाच होतो.

काका उठले.

ते पोचायच्या आत... आवाज परत भरला.

धागा सलग होता.

"तू बांधलास?"

मावशी दारात डबे घासत होती. तिने राखेचे हात दाखवले.

मग दुसरी चाती. मग तिसरी.

काकांनी एक बॉबिन उतरवून धागा बोटांतून ओढला. गाठ लागली.

ओली.

त्यांनी ती नाकाशी नेली...

मशेरी.

मशीन तेव्हाच बंद करायला हवं होतं. काकांनाही कळत होतं. पण माल वेळेत भरत होता. त्यांनी संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं.

माल गेला. शेड वाचली.

दहाव्याला कावळा शिवला नाही. दुपार कलली, तेव्हा दर्भाचा कावळा करून उरकलं.

पुढे शेड विकली. त्या दिवसाचं एक बॉबिन काकांनी घरी ठेवलंय. मागच्या दिवाळीला त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी धागा ओढला.

गाठ अजून ओली होती.

काका माझ्याकडे बघत नव्हते.

"आई कामावरच हाय अजून," ते म्हणाले. "मीच सुट्टी दिली नाय तिला."