दुसरे पऱ्हे

पत्र शुक्रवारी आलं. मुलाखत सोमवारी झाली. रीताला पत्र दिसलं मंगळवारी.

कोंढ्याहून पहिल्या एसटीनं ती अड्याळला कुसुममावशीकडे आली आणि ओट्यावर बसून तिनं फोन पुढे केला. कुसुमताईंनी चष्मा लावला. तीस वर्षं त्यांनी टपाल खात्यात काढली होती, त्यातली शेवटची अकरा अड्याळच्या पोस्टमास्तर म्हणून. पत्र हरवलं म्हणून रडत आलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. हे पत्र मात्र हरवलं नव्हतं. ते रीताच्या फोनमध्येच होतं, स्पॅम नावाच्या कप्प्यात, लॉटरीच्या आणि ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिरातींखाली.

"रोज पाहत होती का तू?"

"दिवसातून चारदा, मावशी. पण इनबॉक्स पाहत होती. त्या कचऱ्यात कायले पाहीन?"

नोकरी होती एका शिक्षण मंडळाच्या शाळांमध्ये प्रयोगशाळा सहायकाची. जागा सहा, अर्जदार दोनशे चौदा. मुलाखतीचं पत्र फक्त ईमेलनं येईल आणि ते तपासण्याची जबाबदारी उमेदवाराची, असं जाहिरातीत छापलं होतं. दुसरी अट वयाची. मुलाखतीच्या दिवशी उमेदवार त्रेचाळीसच्या आत हवा. रीताला दोन ऑगस्टला त्रेचाळीस पूर्ण होणार होती. पंधरा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या रजेवर नोकरी केली होती. कोणी बाळंतपणाला गेली की रीताला बोलावणं, ती परत आली की रीता घरी. ही शेवटची संधी होती आणि ती कचऱ्यात सापडली.

"मुलाखतीले किती जण आले होते?"

"अकरा. त्यातले सहा घेतले."

कुसुमताईंना राग आला. त्यांचा राग आवाज करत नाही, म्हणून लोकांना तो उशिरा कळतो.

"अन् बाकीच्या दोनशे तीन जणायले एकदमच झोप लागली होती का?" त्या म्हणाल्या. "चहा पी. मी मंडळाले फोन लावतो."

मंडळाचे सचिव गोपाळराव फोनवर फार गोड बोलले. "ताई, दोनशे चौदा पत्रं पाठवली, दोनशे चौदा पोचली. अहवाल आहे आमच्याकडं. आमचे मेल लाखनीचा संजीव पाठवते. त्याच्या ऑफिसातल्या पोरीनं काहीतरी घोळ घातला, तिले त्यानं काढून टाकलं. आता आम्ही काय करणार, सांगा."

पोचली! हा शब्द कुसुमताईंना झोंबला. त्यांच्या खात्यात पोच म्हणजे घेणाऱ्याची सही. सही नसेल तर पत्र पोचलं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या लाखनीला गेल्या. काढून टाकलेली पोरगी, तृप्ती, गावाबाहेर तिच्या वडलांच्या बांधीत, चिखल केलेल्या धानाच्या शेतात, रोवणी करत होती. ती चिखलातून कडेच्या धुऱ्यावर आली आणि काही विचारायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"मावशी, मी काहीच केलं नाही. आता मले कोणी कामावर ठेवत नाही. सगळे म्हणतेत, हिनंच मेल बुडवले."

"रडू नको. मले पोस्टाच्या भाषेत सांग. चांगलं पत्र कचऱ्यात कसं जाते?"

"मेल ज्या नंबरावरून निघते, त्याले आयपी म्हणतेत. तुमचा पाकिटावरचा शिक्का समजा. त्या शिक्क्याची पत मोठ्या मेल कंपन्या पाहत राहतेत. पत चांगली तं पत्र इनबॉक्समध्ये. पत गेली तं स्पॅममध्ये."

"पत जमते कशी?"

"हळूहळू. नव्या नंबरावरून एकदम हजारो मेल सोडले तं कंपन्यायले संशय येते. मी पहिल्या दिवशी पन्नास पाठवले, मंग शंभर, मंग दोनशे. मेलेले पत्ते काढत गेली. आठ महिने लागले." तिनं हातातल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांच्या, जुडीकडे पाहिलं. "पऱ्ह्यासारखंच आहे, मावशी. लहानपणी जपावं लागते, तवा रोवणी होते."

"अन् जाते कशी?"

"एका दुपारी जाते. गुरुवारी दोन वाजता कोणीतरी जुनी यादी टाकून चाळीस हजार शुभेच्छांचे मेल सोडले. अर्धे पत्ते मेलेले. लोकायनं तक्रारी केल्या त्या वेगळ्याच. शुक्रवारी मुलाखतीचे मेल निघाले, तवा त्या नंबराची पत मातीत गेली होती."

"यादी टाकली कोणाच्या नावानं?"

"माह्या. पण पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनले चिटकवला आहे, ऑफिसात येईल त्याले दिसते. गुरुवारी मी इथं होती, याच बांधीत. रजा टाकून आली होती."

"मंग गोपाळराव पोचली काहून म्हणतेत?"

तृप्ती कडवट हसली. "कंपनीच्या दारापर्यंत पोचली ना. आत नेऊन त्यायनं कुठं टाकली, ते अहवालात येत नाही."

कुसुमताई निघता निघता थांबल्या. "ऑफिसात नवीन काही चालू होतं का?"

"नवीन म्हंजे... तीन हप्त्यांपासून संजीवभाऊ स्वतःच एका दुसऱ्या नंबरावरून मेल पाठवत होते. शेवटी एकसष्ट असलेला नंबर. रोज पन्नास, शंभर. नवं गिऱ्हाईक असेल, असं मले वाटलं."

संजीवचं ऑफिस हमरस्त्यावर टायरच्या दुकानावर होतं. खालून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरायची. संजीवनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच हात वर केले.

"ताई, नुकसान माझंच झालं. आठ महिन्यांची मेहनत गेली. मी स्वतःच स्वतःच्या नंबराची वाट लावीन का?"

प्रश्न बिनतोड होता. कुसुमताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि दुसरीकडून सुरुवात केली.

"सगळी पत्रं शुक्रवारीच गेली?"

"नऊ गुरुवारी सकाळी गेली. चाचणी म्हणून. नेहमी थोडी पाठवून पाहतो."

"कोणती नऊ?"

"यादीतली पहिली नऊ, अजून कोणती?"

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. एका थांब्याजवळ शेळ्या पऱ्ह्यांत शिरून कोवळी रोपं फस्त करत होत्या. मालक धुऱ्यावर बसून निवांत पाहत होता.

"काय माणूस आहे! हाकलत काहून नाही?" कुसुमताई मोठ्यानं बोलल्या.

शेजारची बाई हसली. "त्यानं तिकडं दुसरे पऱ्हे टाकले ना, बाई. हे गेले तरी त्याचं काय बिघडते?"

कुसुमताईंनी तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं: एकसष्ट.

अड्याळला उतरून त्या थेट गावातल्याच प्रविणच्या घरी गेल्या. सहा जणांत त्याची निवड झाली होती. पोरगा सरळ होता, पेढा घेऊन पुढे आला.

"पत्र कवा आलं रे तुले?"

"गुरुवारी, सकाळी सव्वानऊले. इनबॉक्समध्येच. मामा म्हणाले होते, गुरुवारी मेल पाहजो."

"तुह्या अर्जाचा नंबर किती?"

"एकशे अठ्ठावन्न."

कुसुमताईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

पुढच्या सोमवारी मंडळाच्या अध्यक्ष उषाबाईंच्या खोलीत पाच माणसं बसली. उषाबाई, गोपाळराव, संजीव, कोपऱ्यात तृप्ती आणि टेबलासमोर कुसुमताई. रीता बाहेर बाकावर होती. आत यायची तिची छाती झाली नाही.

"बोला," उषाबाई म्हणाल्या. "मले दहा मिनिटांत जाचं आहे."

"मले पाच पुरतेत. संजीव, चाचणीची पत्रं पहिल्या नऊ जणायले गेली ना?"

"हो."

"माह्या भाचीचा नंबर तीन आहे. तिचं पत्र शुक्रवारी निघालं. प्रविणचा नंबर एकशे अठ्ठावन्न, त्याचं गुरुवारी सकाळी. कोणत्या मोजणीत एकशे अठ्ठावन्न पहिल्या नऊत येते?"

संजीवनं गोपाळरावांकडे पाहिलं. गोपाळरावांनी पंख्याकडे पाहिलं.

"म्हंजे ती नऊ नावं निवडलेली होती. नंबराची पत चांगली होती, तवाच त्यायची पत्रं काढून घेतली. त्याच दुपारी कचरा सोडून नंबर बुडवला. दुसऱ्या दिवशी बाकीच्यायची पत्रं त्याच बुडालेल्या नंबरावरून पाठवली. अकरातल्या दोघायनं कचरा चाळला म्हणून ते आले. त्यायले घेतलं नाही, ते वेगळं."

"पण एवढा उपद्व्याप कशाला?" उषाबाईंनी विचारलं.

"पत्र पाठवलं नाही तं नियम मोडते. पाठवलं तं दोनशे लोक येतेत. म्हणून असं पाठवलं की कागदावर पोचलं पाहिजे अन् माणसाले दिसलं नाही पाहिजे."

"मी माझंच नुकसान कशाला करीन?" संजीवचा आवाज चढला. "हे या तृप्तीचं काम आहे!"

"तृप्तीनं आठ महिने ते पऱ्हे वाढवले. आपल्या पऱ्ह्यांत शेळ्या कोण चारू देते? ज्यानं दुसरे टाकले आहेत तो. तू तीन हप्ते आधीच एकसष्टवाला नंबर घेतला. रोज पन्नास, शंभर करून वाढवला. नवं गिऱ्हाईक कोणतं, नाव सांग."

खाली मान घालून संजीव पेनाचं टोपण काढत, लावत राहिला.

"मले सांगितलं तसं केलं," शेवटी तो पुटपुटला. "नाहीतर पुढच्या वर्षी मंडळाचं काम बंद केलं असतं."

"कोणी सांगितलं?" उषाबाई म्हणाल्या.

"ते मी सांगतो," कुसुमताई म्हणाल्या. "प्रविणले त्याच्या मामानं गुरुवारी मेल पाहाले सांगितलं. मामाचं नाव त्यानं घेतलं नाही, मीबी विचारलं नाही. प्रविणची माय दरवर्षी राखीचं पाकीट अड्याळच्या पोस्टात टाकत होती. अकरा वर्षं माह्यासमोर त्यावर शिक्का पडला. पत्ता मले पाठ आहे. गोपाळराव, सांगू का?"

गोपाळरावांनी रुमाल काढून तोंड पुसलं. त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता.

मंडळाला लाज वाटली की भीती, ते मंडळालाच माहीत. निवड रद्द झाली. गोपाळरावांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आणि आठ दिवसांत शेजारच्या तालुक्यात सत्कार घेतला. तृप्तीवरचा ठपका काढल्याचं एक ओळीचं पत्र तिला मिळालं, नोकरी मिळाली नाही. फेरमुलाखत चौदा ऑगस्टला ठरली.

तीन ऑगस्टला रीता पुन्हा त्याच ओट्यावर येऊन बसली. तिनं फोन पुढे केला. कुसुमताईंनी चष्मा लावला. फेरमुलाखतीच्या दिवशी वय मर्यादेपेक्षा जास्त होत असल्यानं अर्ज अपात्र ठरवण्यात येत आहे, कळावे. बारा दिवस जास्त.

"मी उषाबाईले भेटतो," कुसुमताई म्हणाल्या. आपला आवाज किती पोकळ निघाला, ते त्यांनाच ऐकू आलं.

"भेटली मी काल. त्या म्हणाल्या, नियम म्हंजे नियम."

तृप्तीनं शिकवल्याप्रमाणे कुसुमताईंनी मेलचा मूळ मजकूर उघडला आणि पाठवणाऱ्याचा नंबर शोधला. शेवटी एकसष्ट होते. मंडळाचं काम अजून संजीवकडेच होतं.

"स्पॅममध्ये सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी," रीता म्हणाली. "हे बरोबर इनबॉक्समध्ये आलं."