आकडा परत म्हणणारी

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पान उलटा, माझं काही म्हणणं नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती नोएलीन टेट बारा वर्षं माझ्याबरोबर गावच्या वाचनालयात काम करते. ती थापा मारणारी बाई नाही. थाप मारायला डोकं लागतं, आणि नोएलीनचं डोकं सरळ रेषेत चालतं. तिने मला जे जसं सांगितलं तसंच मी सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. दुसरा रविवार. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, आमच्या गावापासून गाडीने दीड तासावरचं खोरं.

वेळ भरदुपारची.

रात्र नाही, वादळ नाही, कंदील नाही. ऊन पडलं होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

नोएलीनचा नवरा रॉस. जन्मभर जंगलाचा अभ्यास केलेला माणूस. दर एप्रिलला तो सहा-सात जणांना घेऊन दोन दिवस डोंगरात जातो. नुसती पायपीट नाही, लोक जंगल शिकायला येतात. इथली बीच नावाची झाडं कशावर जगतात, त्यांच्या खोडावर काळा थर कसला साठतो, गांधीलमाश्या तिथे का घोंघावतात, असलं सगळं.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना एका चौकोनात नेतो. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. आतल्या प्रत्येक झाडावर पत्र्याचा नंबर ठोकलेला. छातीच्या उंचीवर खोडाला फीत गुंडाळायची, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजायची, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायची.

यात एक पद्धत आहे, ती नीट ऐका.

मोजणारा झाडाचा नंबर आणि आकडा ओरडून सांगतो. लिहिणारा तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि मग लिहितो. झाडीत ऐकायला चूक होते म्हणून. परत म्हटल्याशिवाय मोजणारा पुढच्या झाडाकडे जात नाही.

हे परत म्हणण्याचं काम अठरा वर्षं एव्हरिलचं होतं.

एव्हरिल म्हणजे रॉसची पहिली बायको. ती आजाराने गेली, शहरातल्या हॉस्पिटलात, स्वच्छ चादरीवर. जंगलात कुणी पडलं-बिडलं नाही. तेव्हा उगाच काही मनात आणू नका.

तिच्यामागे रॉस स्वतःच मोजायचा, स्वतःच लिहायचा. कागद कुणाच्या हातात देत नसे.

नोएलीनशी त्याने लग्न केलं त्यानंतर दोन वर्षांनी. आणि नोएलीन जळायला लागली.

मी काही झाकून ठेवत नाही. ती स्वतःच सांगते. "मेलेल्या बाईवर कसली जळतेस, असं मला सगळे म्हणतात," ती मला म्हणाली होती. "जिवंत असती तर तिचे दोष तरी दिसले असते. ही तर कधी चुकतच नाही."

घरात एव्हरिलच्या बशा. बागेत एव्हरिलचे गुलाब. गावात कुणी भेटलं की दोन वाक्यांत एव्हरिल. पहिली दोन वर्षं त्या सहलीत नोएलीनच्या वाट्याला आलं ते सूपचं पातेलं.

तिसऱ्या वर्षी तिने मागितलं.

"या वेळी मी लिहीन."

रॉस बूट पुसत राहिला. "कंटाळशील," तो म्हणाला.

"एव्हरिल कंटाळली का?"

"नाही."

"मग मीही नाही."

तो हो म्हणाला. खुशीने नाही, पण म्हणाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कागद तयार करायला बसली. जाड वही समोर. सगळ्या वर्षांचे आकडे त्यात, अठरा रकाने एव्हरिलच्या अक्षरात, पुढचे चार रॉसच्या. गेल्या वर्षीचा रकाना नव्या कागदावर उतरवायचा, एवढंच काम.

तीनशे अठरा नंबरच्या झाडापाशी ती थांबली.

समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं. *इथे रॉसने विचारलं. मी हो म्हटलं.*

नोएलीनला त्याने लग्नाचं विचारलं होतं गाडीत. पेट्रोल भरताना.

तिने बाकीची झाडं उतरवली. तीनशे अठरा सोडून दिलं. मग ते पान वहीतून फाडलं आणि शेगडीत टाकलं. बावीस वर्षांचे आकडे, वीस झाडांचे. पूर्ण जळेपर्यंत ती तिथेच उभी होती.

"बरं वाटलं?" मी तिला नंतर विचारलं.

"खूप," ती म्हणाली.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते चौकोनात पोचले. रॉस फीत घेऊन उतारावर, वरच्या बाजूला. त्याच्यासोबत तियाना, कॉलेजात शिकणारी मुलगी. सैल झालेले नंबर पुन्हा ठोकायचं काम तिच्याकडे. बाकीचे पालापाचोळा उकरून किडे शोधत होते. कोपऱ्यात एक सपाट दगड होता. नोएलीन त्यावर बसली.

"ती एव्हरिलची जागा," डेस म्हणाला. डेस निवृत्त मास्तर, दर वर्षी येणारा. "खाली गोणपाट घे बाई. ती घ्यायची. दगड ओला असतो."

"मला चालतो ओला," नोएलीन म्हणाली.

वरून रॉसचा आवाज आला. "दोनशे एकतीस. एकवीस पॉइंट सहा."

"दोनशे एकतीस. एकवीस पॉइंट सहा," नोएलीन म्हणाली आणि तिने लिहिलं. तिला ते फार आवडलं. तिचा आवाज जायचा आणि मगच रॉस हलायचा. तासभर असंच चाललं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा, ती म्हणते, त्याचं सगळं लक्ष माझ्या आवाजाकडे होतं.

मग...

"दोनशे अठ्ठ्याऐंशी. चौदा पॉइंट दोन."

नोएलीनने तोंड उघडलं, आणि तिच्या आधीच कुणीतरी हळू म्हणालं.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी. चौदा पॉइंट दोन."

बाईचा आवाज. जवळून.

नोएलीनला वाटलं तियाना चेष्टा करतेय. तिने मान वर केली. तियाना वीस पावलांवर, खोडापाशी उभी. ओठांत चार खिळे धरलेले. अशा तोंडाने कोण काय बोलणार?

नोएलीनने घाईघाईने आकडा परत म्हटला आणि लिहिला.

पुढचं झाड. त्याच्या पुढचं. काही नाही.

आणि मग तिच्या लक्षात आलं, गांधीलमाश्यांचा आवाज बंद झालाय.

सकाळपासून कानात भरून राहिलेली घूं घूं... नव्हती. माश्या खोडांवर होत्या. हलत होत्या. आवाज नव्हता.

दगडाचा ओलावा पँटमधून आत आला होता. ती उठून उभी राहिली. तेवढ्यात रॉबिन आला. राखाडी, मूठभर पक्षी. आमच्याकडे तो माणसाला भीत नाही. तुम्ही बुटाने पाचोळा उकरला की किडे निघतात, म्हणून तो थेट पायाशी येऊन उभा राहतो. नोएलीनने त्याच्यासाठी पाय घासला.

तो तिच्याकडे आला नाही.

तो दगडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मान तिरकी करून वर बघत. माणसाच्या तोंडाकडे बघतो तसा.

आणि त्याच्यासमोरचा पाचोळा...

हलला. एकदा. पुन्हा एकदा. कुणीतरी बुटाच्या टोकाने हळूच सारल्यासारखा.

किडा उचलून रॉबिन उडाला.

"नोएलीन," वरून तियाना म्हणाली, खिळे हातात घेऊन. "जरा मोठ्याने बोला ना. मघापासून तुमचा आवाज किती बारीक येतोय."

नोएलीनला पळायचं होतं. पण कागद तिच्या हातात होते. पहिल्यांदाच होते. खाली ठेवले तर पुन्हा सूपचं पातेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उभी राहिली. घाबरली होती, पण त्याहून जास्त चिडली होती.

"तीनशे सतरा. एकोणीस पॉइंट नऊ."

"तीनशे सतरा. एकोणीस पॉइंट नऊ," ती जवळजवळ ओरडली.

रॉस पुढच्या झाडाकडे गेला. जाडजूड, उतारावर झुकलेलं. फीत गुंडाळताना त्याने खोडावर तळहात ठेवला, जरा जास्तच वेळ.

"तीनशे अठरा. अडतीस पॉइंट सहा."

कागदावर ती ओळच नव्हती.

नोएलीन गप्प राहिली. नुसतं परत म्हणून कडेला लिहून टाकता आलं असतं. पण तिच्या तोंडून तो नंबर निघेना. ती म्हणते, मला तो म्हणायचाच नव्हता.

रॉस थांबला. परत म्हटल्याशिवाय तो हलणार नव्हता. दहा सेकंद. वीस. जंगलात पान हललं नाही.

आणि मग दगडावरून...

"तीनशे अठरा. अडतीस पॉइंट सहा. गेल्या वर्षी अडतीस पॉइंट चार."

शांत आवाज. घाई नाही.

अडतीस पॉइंट चार. नोएलीनने तो आकडा जळताना पाहिला होता. शंभर झाडांतल्या एकाचा गेल्या वर्षीचा आकडा कुणाच्या लक्षात राहतो?

तिने रॉसकडे पाहिलं. तिला वाटलं तो दचकेल, खाली धावत येईल, विचारेल, कोण बोललं.

रॉस खोडाकडे तोंड करून उभा होता. फीत सोडवत तो म्हणाला,

"बरोबर, पाखरा."

आणि तीनशे एकोणिसाकडे गेला.

पाखरा. नोएलीनला त्याने कधी पाखरा म्हटलं नव्हतं. कधीच नाही.

चारच्या सुमाराला सगळे नदीकाठी चहाला बसले. नोएलीनने रॉसला बाजूला नेलं.

"तू कुणाला पाखरा म्हणालास?"

रॉसने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "तुला ऐकू आलं?"

तिने मान डोलावली.

"अगं, खरंच ऐकू आलं? मला वाटलं होतं माझंच डोकं फिरलंय. चार वर्षं कुणाला बोललो नाही." तो हसत होता. तिचे दोन्ही दंड धरून हसत होता. असा हसताना तिने त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"तुला भीती नाही वाटत?"

"एव्हरिलची?" तो म्हणाला. "एव्हरिलची कसली भीती?"

तेव्हा तिने सांगून टाकलं. पान फाडलं, जाळलं, ती ओळ मुद्दाम सोडली. तिला त्याला दुखवायचं होतं. निदान त्याने चिडावं तरी.

"ठाऊक आहे," रॉस म्हणाला. "पान फाडल्याचं दिसतं की वहीत. असू दे. तिला सगळं पाठ आहे."

मग तो मऊ आवाजात म्हणाला, "नोएलीन, वाईट वाटून घेऊ नकोस. पण पुढच्या वर्षी मीच लिहितो. तू तिथे बोलायला लागलीस की मला नीट ऐकू येत नाही."

हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुस्तकांच्या गाडीपाशी उभं राहून. मी म्हटलं, "सोडून दे. जाऊ दे त्याला एकट्याला. तू समुद्रावर बहिणीकडे जा त्या दिवसांत."

"एकटा कुठे असेल तो?" ती म्हणाली.

तिने ऐकलं नाही. पुढच्या एप्रिलला गेली, आणि रॉसच्या हातातून कागद ओढून घेतले. त्याच्या पुढच्या वर्षीही. सराव म्हणून ती वाचनालयातही तेच करते. कुणी कार्डाचा नंबर सांगितला की शेवटचा आकडा त्यांच्या तोंडातून निघायच्या आत ती परत म्हणते. लोक हसतात. आधी मीही हसत होते.

या एप्रिलला परत आली तेव्हा तिचा आवाज पूर्ण बसला होता. दिवसभर ओरडून. शंभर झाडं, शंभर वेळा, त्या दुसरीच्या आधी पोचायचं म्हणून.

"मग?" मी चेष्टेत विचारलं. खरं तर मला ऐकायचंच नव्हतं. "कोण जिंकलं?"

तिने हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला.

"आम्ही दोघी अगदी एकदमच म्हणतो आता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि तो एकदाच 'बरोबर' म्हणतो. कुणाला म्हणतो, ते मला कळत नाही."